कुणाला लिवतायसा एवढं?

पावसाळ्यात आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला एक ठरलेला वास येतो. ओल्या छत्र्या, घोंगडी, फिनेल आणि दमट झालेले केसपेपर, सगळ्याचा मिळून. बाजाराच्या दिवशी तो जास्तच दाटतो, कारण डोंगरातल्या वाड्यावस्त्यांची माणसं मीठमिरची, खताचं पोतं आणि डॉक्टर अशी तिन्ही कामं एसटीच्या एका खेपेत उरकतात. अशाच एका बाजाराच्या दिवशी एक आजी समोरच्या स्टुलावर येऊन बसल्या. बीपी आणि साखर, दोन्हींच्या गोळ्या चालू असलेल्या. मी दंडाला पट्टा गुंडाळला, बीपी मोजलं, केसपेपरवर लिहिलं. सिस्टरनी तेच आकडे रजिस्टरमध्ये लिहिले. मग मी संगणकाकडे वळले आणि तेच आकडे तिसऱ्यांदा पोर्टलवर भरायला घेतले. पान उघडेना. आजींनी पदराने कपाळावरचं पाणी टिपलं, थोडा वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "कुणाला लिवतायसा एवढं?"

"सरकारला, आजी."

"मग माझं गुडघं बी सांगा की त्यास्नी. उठता-बसता जीव जातोय."

दारातल्या रांगेत दोघी-तिघी हसल्या. आजी हसल्या नाहीत. एवढं लिहिलं जातंय तर आपलं खरं दुखणंही त्यात जावं, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. मात्र उघडू घातलेल्या त्या पानावर गुडघ्यांना जागा नव्हती. रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग यांच्या तपासणीसाठी ते केलेलं आहे. गुडघे मी केसपेपरवर लिहिले, गोळ्या लिहिल्या, मांडीचे स्नायू बळकट करायचा व्यायाम करून दाखवला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं. प्रश्न तेवढा माझ्याजवळ राहिला. रात्री क्वार्टरच्या पत्र्यावर पाऊस वाजत असताना, दुसऱ्या दिवशी वरच्या कार्यालयाच्या व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये पेंडन्सीचे, म्हणजे भरायच्या राहिलेल्या नोंदींचे आकडे वाचले जात असताना, मला आजींचा आवाज ऐकू येत होता. मी दिवसभर लिहीत असते. ते वाचतं कोण?

"सरकारला" हे उत्तर खोटं नव्हतं. गरोदर बाईची नोंद आरसीएच पोर्टलवर जाते, क्षयरोग्याची निक्षयवर, लसीकरणाची यू-विनवर, ताप-जुलाबाची आयएचआयपीवर, औषधाच्या साठ्याची ई-औषधीवर आणि महिन्याचा सगळा गोषवारा एचएमआयएसवर. प्रत्येकाचा लॉगिन वेगळा. एखाद्या गरोदर बाईला बीपी असेल आणि खोकल्याचा बेडकाही तपासायला गेला असेल, तर माझ्यासमोर ती एकटीच बसलेली असते, पण संगणकात तिच्या तीन बाया झालेल्या असतात. त्या तिघींची एकमेकींशी ओळख नाही. ती मीच करून द्यायची, डोक्यातल्या डोक्यात. शिवाय कागद सुटलेला नाही. लाइट गेली, रेंज गेली, सर्व्हर बसला तर नोंद कुठे राहणार म्हणून रजिस्टर हवंच, आणि तपासणीला येणारे अधिकारी पहिल्यांदा रजिस्टरच मागतात. त्यामुळे संगणक आल्यावर लिहिणं कमी होईल असं जे आम्हाला वाटलं होतं ते झालं नाही, जुन्या कामावर नवं काम येऊन बसलं.

सकाळच्या ओपीडीला साधारण चार तास मिळतात. बाजाराच्या दिवशी रुग्ण शंभरीला टेकतात. भागाकार केला तर माणशी सव्वादोन-अडीच मिनिटं येतात. बीएमजे ओपन या नियतकालिकात २०१७ मध्ये ६७ देशांचा आढावा आला होता, प्राथमिक उपचारांचा डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतो याचा. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद आणि भारतात सुमारे दोन मिनिटं. वाचताना मला धक्का बसला नाही, आमचाच हिशेब कुणीतरी लिहून काढल्यासारखं वाटलं. ही दोन मिनिटं माणसाने आत येऊन पिशवी खाली ठेवण्यापासून सुरू होतात. त्यात नाव, गाव, वय, काय होतंय, कधीपासून, तपासणी, औषध, कशी घ्यायची ते समजावणं, हे सगळं आलं. त्यातलं एक मिनिट पडद्याने घेतलं तर उरलेल्या मिनिटात काय गळतं, हे मी रोज बघते. गळतो तो रुग्णाचा दुसरा विषय. पहिला विषय सगळेच सांगतात: अंग दुखतंय, कसर आहे, खोकला आहे. दुसरा विषय डॉक्टरचं लक्ष आहे असं वाटल्याशिवाय बाहेर पडत नाही. अंगावरून जातंय, नवरा पिऊन मारतो, रात्री झोप येत नाही आणि विहिरीकडे जावंसं वाटतं. हे माझ्या पाठमोऱ्या खांद्याला कुणी सांगत नाही.

२०१२ मध्ये जामा या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका सात वर्षांच्या मुलीने रंगीत खडूने काढलेलं चित्र छापून आलं होतं. ती तपासणीच्या टेबलावर बसली आहे, जवळ घरची माणसं आहेत आणि डॉक्टर सगळ्यांकडे पाठ करून संगणकावर टाइप करतोय. माझ्या मिरजेच्या मेडिकल कॉलेजातल्या मैत्रिणीने मला ते दाखवलं. ती आज अमेरिकेत फॅमिली मेडिसिन करते. तिथे २००९ च्या कायद्याने सरकारने डॉक्टरांना इलेक्ट्रॉनिक नोंदी ठेवण्यासाठी अब्जावधी डॉलर दिले आणि काही वर्षांत बहुतेक दवाखान्यांतली कागदाची फाइल गेली. तिच्याकडे रुग्णाला पंधरा-वीस मिनिटं असतात, आमच्या हिशेबाने चैनच. तरीही मुलं झोपल्यावर ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडते आणि दिवसभराच्या नोंदी पुऱ्या करते. रात्रीच्या कपड्यांत करायच्या या कामाला तिकडे पजामा टाइम म्हणतात. विस्कॉन्सिनमधल्या १४२ फॅमिली डॉक्टरांचा २०१७ मध्ये छापून आलेला अभ्यास तिने मला पाठवला: ११.४ तासांच्या दिवसातले ५.९ तास संगणकावरच्या नोंदींत, त्यातले जवळजवळ दीड तास दवाखाना बंद झाल्यावर. तिच्याकडच्या नोंदीत बिलासाठी लागणारे तपशील भरलेले असतात, माझ्याकडच्या नोंदीत लक्ष्य आणि साध्य. तिची नोंद विमा कंपनी वाचते, माझी वरचं कार्यालय. मध्ये सगळा महासागर असूनही फोनवर आम्ही दोघी एकच तक्रार करतो. समोरच्या माणसाचं आम्हाला जे कळलं ते लिहायला शेवटी वेळच उरत नाही.

मग आधी नोंदी कुणासाठी लिहीत होते?

या केंद्रात रुजू झाले तेव्हा टेबलाच्या खालच्या खणात मला एक फुलस्केप वही सापडली. खाकी कव्हर, कोपरे कुरतडलेले, आत निळ्या शाईचं बारीक अक्षर. माझ्या आधीच्या, निवृत्त होऊन गेलेल्या डॉक्टरांनी लांब चालणाऱ्या आजारांच्या रुग्णांसाठी ती ठेवली होती. प्रत्येक माणसाला एक पान. वर नाव, वाडी, आजार, औषधं. खाली वेळोवेळी लिहिलेल्या एक-दोन ओळी. "गोळ्या अर्ध्या करून पुरवते. विचारल्यास नाही म्हणते." "इन्सुलिन नातू देतो. नातू मामाकडे गेला की चुकते." "जूननंतर ओढ्याला पाणी, येता येत नाही. गोळ्या जास्त देणे." "दम्याचा. चुलीपाशी झोपतो. अंथरूण हलवायला सुनेला सांगितले." हे कुणाला लिहिलं होतं? थोडं स्वतःला, पुढच्या खेपेला आठवावं म्हणून. आणि पुष्कळसं मला. मी कोण, बाई की बुवा, केव्हा येणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण आपल्यामागून इथे कुणीतरी बसेल आणि त्या माणसाला पहिल्या दिवशी या बाईच्या अर्ध्या गोळीबद्दल कळलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. त्या पहिल्या पावसाळ्यात मी ती वही कितीदा उघडली असेन! ओढ्यापलीकडच्या वाडीतले दोन म्हातारे केवळ त्या एका ओळीमुळे गोळ्यांवाचून राहिले नाहीत. वहीवर सही-शिक्का नव्हता, तिचा अहवाल कुठे जात नव्हता आणि कुठल्याही बैठकीत तिचं नाव निघालं नसतं.

एमबीबीएसला शिकताना आम्हाला रुग्णाची नोंद चार भागांत लिहायला शिकवलं होतं: रुग्ण काय सांगतो, आपल्याला काय दिसतं, त्यावरून काय वाटतं आणि पुढे काय करायचं. यामागे अमेरिकेतल्या लॉरेन्स वीड या डॉक्टरांचा विचार आहे. १९६८ मध्ये त्यांनी मांडलं की नोंद अशी हवी की ती लिहिताना डॉक्टरचा विचार सरळ व्हावा आणि वाचणाऱ्याला त्यातली चूक सापडावी. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की हेच वीड पुढे व्हरमाँटमध्ये संगणकावर नोंदी ठेवायची पद्धत बसवायला लागले. त्यांना संगणक हवा होता, कारण एका डॉक्टरच्या डोक्यात सगळं मावत नाही, हे त्यांनी मान्य केलं होतं. म्हणजे या यंत्राच्या मुळाशी रुग्णाची काळजीच होती. खाकी वहीतही तीच होती. म्हणून कुणी "ते जुनंच बरं होतं" म्हणायला लागलं की मला पटत नाही. त्या वहीची दुसरी प्रत नव्हती. त्या खणात एक पावसाळा उंदीर शिरले असते तर सगळं गेलं असतं. आणि तो रुग्ण कोल्हापूरला सीपीआर या मोठ्या सरकारी रुग्णालयात गेला की तिथल्या डॉक्टरला वहीचा काही उपयोग नव्हता.

रुग्णाला वर पाठवताना हे रोज जाणवतं. माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन जातो. सोनोग्राफीचा, रक्ताचा, खाजगी डॉक्टरची चिठ्ठी, मेडिकलवाल्याचं बिल, एकात एक घड्या घातलेले. पावसात त्यातली शाई फुटते. परत येतो तेव्हा "तिकडं काय म्हणाले?" या प्रश्नाला उत्तर येतं, "गोळ्या बदलल्या. पांढरी बंद केली." पांढऱ्या गोळ्या त्याच्याकडे तीन असतात.

आणि कधीकधी पोर्टल खरोखर उपयोगाला येतं. इचलकरंजीत मागावर काम करणारा एक पोरगा घरी परत आला होता. क्षयरोगाचं औषध तिकडे सुरू केलेलं, कागद मात्र खोलीवरच राहिलेले. पूर्वी अशा वेळी थुंकीपासून सगळं नव्याने सुरू व्हायचं, नाहीतर रुग्ण मधल्यामध्ये हरवायचा. त्याच्या मोबाइलमधल्या निक्षय क्रमांकावरून कोणती औषधं, कधीपासून, कुठपर्यंत, सगळं समोर आलं आणि एकही डोस न चुकता त्याचं औषध पुढे चालू झालं. पोषण आहाराचे पैसेही त्याच नोंदीवरून थेट खात्यात येतात. २०१८ मध्ये ते महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. इचलकरंजीतल्या कुणीतरी, बहुधा माझ्यासारख्याच घाईत, त्याची नोंद नीट केली होती म्हणून हे जमलं. त्या दिवशी पोर्टलवरची ती ओळ मला खाकी वहीतल्या ओळीसारखी वाटली. कुणीतरी पुढच्यासाठी लिहून ठेवलेली.

आभा कार्डाकडूनही, म्हणजे सरकारच्या डिजिटल आरोग्य ओळखपत्राकडूनही, मला हीच आशा होती. माणसाला चौदा आकडी क्रमांक मिळेल, तो कुठल्याही दवाखान्यात गेला तरी त्याच्या संमतीने जुने कागद तिथे उघडतील. हे कार्ड ज्यातलं, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. आमच्याकडे कार्डं निघाली आणि अजूनही निघताहेत. आधारवरून काढायची तर ओटीपी जातो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल असतो मुलाकडे, पुण्यात किंवा चाकणला. मुलगा कंपनीत पाळीवर. आशाताई त्याला फोन लावते, तो उचलत नाही. उचलतो तेव्हा ओटीपीची मुदत संपलेली असते. अंगठा लावायचं यंत्र आणलं तर जन्मभर भात लावून, शेण काढून, भांडी घासून बायकांच्या बोटांवरच्या रेषा उरलेल्याच नसतात. तीन-तीनदा अंगठा पदराला पुसून लावतात आणि मग आपलंच काही चुकलं असं समजून ओशाळतात. मला ते बघवत नाही. एवढं करून निघालेल्या कार्डाची संख्या वर जाते. त्या बाईचे सीपीआरमधले कागद मात्र माझ्या टेबलावर अजून उघडत नाहीत.

आशाताईंचं काम तर मोजलंच जात नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म त्यांनी घरी जाऊन भरायचा: वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, अंगमेहनत, घरात कुणाला आजार. चारच्या वर गुण झाले की तपासणीला आधी आणायचं. कागदावर सोपं दिसतं. आमच्याकडे बायका तंबाखू खाता का विचारलं तर ठाम नाही म्हणतात, कारण मिसरीला त्या तंबाखू धरतच नाहीत. सकाळी तव्यावर मिसरी भाजल्याचा खरपूस, ठसका आणणारा वास अख्ख्या वाडीत असतो आणि फॉर्मवर सगळ्यांचं उत्तर "नाही". आमच्या एक आशाताई हा प्रश्न विचारतच नाहीत. उंबऱ्यात बसून म्हणतात, "वयनी, मिसरी कुठल्या दुकानातली आणता गं?" आणि मग फॉर्म भरतात. त्यांच्या वाडीचे आकडे शेजारच्या वाडीपेक्षा वाईट दिसतात. खरे आहेत म्हणून वाईट दिसतात. एकदा त्यावरून त्यांना बैठकीत विचारणाही झाली. संध्याकाळी त्या आणि आमच्या एएनएम सिस्टर केंद्राच्या मागच्या पायरीवर बसून मोबाइलमध्ये एन्ट्री करतात, कारण रेंज तिथेच येते. डास चावत असतात, घरून फोन येत असतात, पोरांची जेवणं खोळंबलेली असतात. अमेरिकेतल्या माझ्या मैत्रिणीच्या त्या रात्रीच्या तासांना निदान नाव आहे, त्यावर संशोधन होतं. या पायरीवरच्या तासांची नोंद कुठल्याच पोर्टलवर नाही.

देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या १९४६ च्या भोर समितीने तातडीची सोय म्हणून ४० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्यात दोन डॉक्टर सुचवले होते. आज सपाटीला ३० हजारांमागे आणि डोंगराळ-आदिवासी भागात २० हजारांमागे एक केंद्र हा निकष आहे. हे आकडे ठरवताना डोक्यात होतं ते तपासणं, बाळंतपण, लसी, पाणी, साथी. त्यानंतर साखर आणि बीपी घराघरांत शिरलं, माणसं दर महिन्याला आयुष्यभर यायला लागली आणि त्या प्रत्येक भेटीच्या दोन-तीन नोंदी आल्या. माणसं मोजायची रीत तीच राहिली. नोंद हे काम आहे, त्याला वेळ लागतो, तो वेळ कुणाच्या तरी वाट्यातून जातो, हे पदं मंजूर करताना कुणीतरी धरायला हवं. एकदा भरलेली माहिती दुसऱ्यांदा मागू नये. आणि मी जे भरते ते पुढच्या महिन्यात तोच माणूस समोर आला की मला आधी परत दिसावं. मागचं बीपी किती होतं, गोळ्या नेल्या होत्या का, मध्ये कुठे दाखल होता का. एवढं झालं तर मी रात्री बसूनही भरेन, कारण मग मला माहीत असेल की मी कुणाला लिहिते आहे.

सध्या आम्ही केंद्रापुरता एक फेरफार केला आहे. बीपी-शुगरच्या दिवशी संगणक माझ्या टेबलावरून काढून बाहेर व्हरांड्यात ठेवतो. सिस्टर तिथेच बीपी मोजतात, साखर बघतात आणि जमेल तेवढं तिथेच भरतात. आत माझ्यासमोर केसपेपर असतो आणि माणूस असतो. नव्याने आलेल्या बंधपत्रित डॉक्टरबाईंना मी खाकी वही दाखवली आणि पोर्टलच्या शेरा लिहायच्या चौकोनात, जिथे तो आहे तिथे, आकड्याखाली एक ओळ लिहायला सांगितली. "एकटी राहते." "डोळ्यांनी कमी दिसतं, गोळ्या रंगावरून ओळखते." त्या लिहितात. परवा एकीच्या पानावर त्यांनी माझ्या आधी लिहिलेलं होतं, "जावयाच्या आजारपणात गोळ्यांचे पैसे गेले, मागच्या महिन्यात घेतल्या नाहीत," आणि बीपी का वाढलंय याचा उलगडा मला विचारण्याआधीच झाला.

यामुळे एन्ट्रीला उशीर होतो. व्हरांड्यात रेंज कमी, गर्दी जास्त, पेंडन्सी साचते आणि महिनाअखेरीला तालुक्याच्या यादीत आमचं केंद्र खालून दुसरं-तिसरं दिसतं. बैठकीत नाव पुकारलं की मी उभी राहते आणि कारण सांगते. गेल्या वेळी शेजारच्या केंद्राचे डॉक्टरही उठले आणि म्हणाले, आमच्याकडेही असंच करायचं आहे, एक डेटा एन्ट्री ऑपरेटर द्या. वर कळवतो, असं साहेब म्हणाले. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो विषय नव्हता. आम्ही दोघांनी तो लेखी दिला आहे.